ट्रॅकीकार्पस फॉर्च्युनी: लंडनच्या चिकणमातीत हिवाळा काढल्यानंतरचा अनुभव

इंग्लंडमध्ये बागेत पाम लावायचाच असेल तर तो ट्रॅकीकार्पस फॉर्च्युनी असावा, हे मत हिवाळा पार पडल्यावर आणखी पक्कं झालं आहे. रोपवाटिकेत याच्या पाटीवर ‘चुसान पाम’ किंवा ‘विंडमिल पाम’ लिहिलेलं असतं. खोडाभोवती तपकिरी तंतूंचं जाड आवरण, माथ्यावर ताडासारखी पंख्याच्या आकाराची पानं, देठांच्या कडांना बारीक दाते. घेण्याआधी सगळे एकच विचारतात, थंडीत टिकेल का? टिकतो. जमिनीत नीट मुळं धरलेलं झाड थोड्या काळासाठी उणे १२ ते उणे १५ अंशांपर्यंतची थंडी सोसतं आणि लंडनच्या आसपास पारा तिथवर क्वचितच उतरतो. या झाडाचा जीव घेतं ते पाणी: कुंडीत साचलेलं, चिकणमातीच्या खड्ड्यात तुंबलेलं, कोंबात शिरून गोठलेलं. आणि रूप बिघडवतो तो वारा. काळजी घ्यायची ती या दोघांची.

हे झाड मूळचं चीनचं. चीन-जपानात शेकडो वर्षं त्याच्या खोडावरच्या तंतूंपासून दोर, झाडू आणि पावसाळी अंगरखे बनवत आले आहेत. १८३० मध्ये सिबोल्ड या जर्मन वैद्य-वनस्पतीशास्त्रज्ञानं जपानहून याचं बी नेदरलँड्सला लायडनला पाठवलं आणि १८४९ मध्ये रॉबर्ट फॉर्च्युन या स्कॉटिश वनस्पती-संग्राहकानं चीनमधून रोपं इंग्लंडला पाठवली. चुसान हे फॉर्च्युननं ते जिथे पाहिलं त्या बेटाचं नाव. स्कॉटलंडच्या नैऋत्य टोकाला लोगन वनस्पती उद्यानातही ही झाडं उघड्यावर उभी आहेत, म्हणजे उत्तरेला राहणाऱ्यांनीही नाउमेद व्हायचं कारण नाही.

थंडी सोसणं हा याचा अर्धाच गुण आहे. दुसरा गुण मला जास्त मोलाचा वाटतो: हा पाम थंड उन्हाळ्यात वाढतो. अमेरिकेच्या आग्नेय भागातला नीडल पाम, म्हणजे ऱ्हापिडोफायलम हिस्ट्रिक्स, थंडीत याच्याही पुढे आहे. उणे २० सोसल्याच्या नोंदी आहेत. तिथलाच सबाल मायनर हा बुटका पामही चिवट आहे. पण या दोघांना गरम, दमट उन्हाळा लागतो. इंग्लंडचा २०–२२ अंशांचा जुलै त्यांना पुरत नाही, म्हणून ते मरत नाहीत तसे वाढतही नाहीत. वर्षाला एखाद-दोन पानं काढून बसून राहतात. ट्रॅकीकार्पस मात्र एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत पानामागून पान काढतो आणि सौम्य हिवाळ्यातही पुरता थांबत नाही. वाढ मोजायची असेल तर मधल्या बंद कोंबावर आणि शेजारच्या देठावर एकाच पातळीत पक्क्या शाईची रेघ मारावी आणि आठवड्यानं दोन्ही रेघांमधलं अंतर मोजावं. जूनमध्ये ते अंतर वाढत नसेल तर मुळांशी काहीतरी बिघडलं आहे, असं समजावं. पानं बघून हे कळायला महिने लागतात, रेघेवरून आठवड्यात कळतं.

आता खरेदी. किंमत खोडाच्या उंचीवर ठरते, आणि घोळ इथेच होतो. काही विक्रेते पानांसकट एकूण उंची लिहितात, काही फक्त खोडाची. मातीपासून सर्वांत खालच्या हिरव्या देठापर्यंत स्वतः टेप लावून मोजावं. मोठ्या खोडाची बरीच झाडं इटली-स्पेनच्या शेतातून उपटून, मुळं छाटून कुंडीत कोंबलेली असतात. खोड धरून हलवल्यावर ते कुंडीतल्या मातीत डुगडुगलं तर मुळं अजून फुटलेली नाहीत; असं झाड पहिलं वर्ष, कधी दोन वर्षं, जागचं हलत नाही. १०–२० लिटरच्या कुंडीतलं, खोड जेमतेम धरू लागलेलं रोप पैशांनी स्वस्त पडतं आणि चार-पाच वर्षांत मोठ्या झाडाच्या जवळ येतं. माझा सल्ला लहान रोपाचाच.

दक्षिण युरोपातून आलेल्या मालात आणखी एक धोका असतो: पायसँडिसिया आर्कॉन हा दक्षिण अमेरिकेतला मोठा पतंग. त्याची अळी खोडाच्या माथ्यात वर्ष-दोन वर्षं आत राहून खात असते आणि बाहेरून झाड धडधाकट दिसतं. नव्यानं उलगडलेल्या पानावर आडव्या ओळीत सारख्या अंतरावर भोकं असतील, किंवा तंतूंमध्ये लाकडाच्या भुशासारखी विष्ठा दिसली, तर ते झाड घेऊ नये. घरी आणल्यावर हे दिसलं तर वनस्पती आरोग्य विभागाला कळवावं. रोपाबरोबर प्लांट पासपोर्टची (रोप कुठून आलं हे शोधता यावं म्हणून लावलेली) चिठ्ठी असेल तर ती फेकू नये.

लावायची वेळ मे ते जुलै. सफरचंद, नासपती यांसारखी झाडं हिवाळ्यात झोपेत असताना हलवतात, ती सवय पामला लावू नये. पामची मुळं माती उबदार असतानाच फुटतात. नोव्हेंबरमध्ये लावलेला पाम पाच-सहा महिने थंड, ओल्या मातीत नुसता उभा राहतो आणि मुळं कुजायला तेवढा वेळ पुरतो.

चिकणमातीत खड्डा खणून आधी तो पाण्यानं भरावा. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसत असेल तर तिथे सपाट लावू नये. आजूबाजूच्या जमिनीपेक्षा १५–२० सेंटिमीटर उंच उंचवटा करून त्यावर लावावं. खड्डा कुंडीच्या दुप्पट रुंद, पण खोली कुंडीएवढीच. तळाला वाळू-खडी भरायचा सल्ला बऱ्याच ठिकाणी मिळतो आणि तो या मातीत घातक आहे: भोवतालचं सगळं पाणी त्या खडीत येऊन साचतं आणि मुळं डबक्यात बसतात. फावड्यानं खणताना खड्ड्याच्या भिंती गुळगुळीत होतात, त्या काट्यानं खरवडून घ्याव्यात, नाहीतर मुळं भिंतीला लागून गोल फिरत राहतात. भरायला खणलेलीच माती वापरावी, फार तर त्यात चौथा हिस्सा कुजलेलं खत. मुळांच्या गोळ्याचा वरचा भाग जमिनीच्या पातळीला यावा. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला १५–२० लिटर पाणी एकदम द्यावं, कोरड्या आठवड्यात दोनदा. रोज थोडं थोडं शिंपडून वरची दोन इंच माती भिजते, बाकी काही होत नाही.

झाडाभोवती ६०–९० सेंटिमीटरचं वर्तुळ गवतापासून मोकळं ठेवावं. एक तर गवत खत-पाणी पळवतं आणि कोवळ्या पामची वाढ डोळ्यांना दिसेल इतकी मंदावते. दुसरं, गवत कापायच्या यंत्राची दोरी खोडाला लागते. आंबा-फणसाच्या सालीची जखम जशी भरून येते तशी पामची येत नाही, कारण त्याच्या खोडात नवी साल आणि लाकूड तयार करणारा थरच नसतो. म्हणून खोडाला खिळा ठोकू नये आणि तंतू सोलून ‘स्वच्छ’ खोड करायच्या नादी लागू नये. ते आवरण पुन्हा येत नाही, आणि थंडीत झाडाच्या कामी येतं.

कुंडीत ठेवायचं असेल तर काम दुप्पट आहे. पोयट्याची माती मिसळलेलं कंपोस्ट (जॉन इनेस नंबर ३ प्रकारचं) तीन भाग, बारीक खडी एक भाग, सालीचे तुकडे एक भाग. कुंडी सरळ भिंतींची घ्यावी. मधे फुगीर, तोंडाला अरुंद अशा कुंडीतून पाम काढायचा तर कुंडी फोडावी लागते. खाली पाय लावून कुंडी जमिनीपासून उचललेली हवी. उन्हाळ्यात ३० लिटरच्या कुंडीला दिवसाआड चार-पाच लिटर पाणी, आणि नोव्हेंबर ते मार्चमध्ये फक्त वरची माती बोटभर कोरडी झाल्यावर. कुंडीतली मुळं जमिनीतल्या मुळांपेक्षा फार आधी गोठतात, म्हणून उणे ५ च्या खाली जाणार असेल तर कुंडी (झाड नव्हे) बबल रॅपनं गुंडाळून घराच्या भिंतीलगत सरकवावी.

पिवळेपणाबद्दल सर्वाधिक गोंधळ दिसतो. सर्वांत खालचं एखादं पान सगळंच पिवळं पडून वाळणं हे वय झाल्याचं लक्षण, त्याला औषध नको. जुन्या पानांच्या कडा पिवळ्या आणि मधला भाग हिरवा असेल तर मॅग्नेशियम कमी पडतंय: एक लिटर पाण्यात २० ग्रॅम एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट), द्रव साबणाचे दोन थेंब, ढगाळ दिवशी पानांवर फवारा, पंधरा दिवसांच्या अंतरानं दोन-तीनदा. नवी पानंच फिकी येत असतील आणि शिरा हिरव्या असतील तर ते लोह. लंडनचं नळाचं पाणी जड आहे, त्यातला चुना कुंडीत साठतो आणि मुळांना लोह घेता येत नाही. तिथे खत वाढवून उपयोग होत नाही, पावसाच्या पाण्याचं पिंप ठेवावं. सगळं झाडच फिकट दिसत असेल तर नत्र. एप्रिल ते ऑगस्ट नत्र आणि पालाश भरपूर असलेलं, सावकाश विरघळणारं खत पुरतं; कुंडीत लिटरमागे तीन-चार ग्रॅम. सप्टेंबरनंतर खत देऊ नये.

हिवाळ्यात जमिनीतल्या मोठ्या झाडाला लंडन परिसरात काहीच करावं लागत नाही. लहान रोपाला उणे ७ च्या खाली, आणि मोठ्याला उणे १० च्या खाली, पानं वर गोळा करून सैल बांधावीत आणि वर फ्लीसचे (झाडं झाकायच्या हलक्या कापडाचे, चौरस मीटरला ३० ग्रॅम वजनाच्या) दोन थर गुंडाळावेत. याहून महत्त्वाचं म्हणजे माथा कोरडा ठेवणं. पाऊस पडून लगेच कडाक्याची थंडी येणार असेल तर माथ्यावर उलटी बादली किंवा प्लास्टिकचा तिरका तुकडा छपरासारखा धरला तरी पुरतं. प्लास्टिक पानांना चिकटवून गुंडाळू नये. आत वाफ धरते आणि उघड्यावर जे झालं नसतं ते कुजणं आत होतं. थंडीची लाट गेली की फ्लीस काढायचाच, महिनोन्‌महिने ठेवायचा नाही. म्युनिक किंवा बर्लिनकडच्या वाचकांना मात्र एवढ्यावर भागणार नाही; तिथे लाकडी चौकट, छप्पर आणि थर्मोस्टॅटवर चालणारी हीटिंग केबल लागते. एलईडी दिव्यांच्या माळा गुंडाळून उपयोग नाही, त्या उष्णता जवळजवळ देतच नाहीत.

फेब्रुवारी-मार्चमध्ये मधला कोंब हलक्या हातानं ओढून पाहावा. घट्ट असेल तर हिवाळा निभावला. हातात आला, बूड तपकिरी आणि दुर्गंधीचं असेल तर कोंब कुजला आहे. कोकणातल्या नारळवाल्यांना हा रोग नवा नाही, तिथे बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) वापरतात. ब्रिटनमध्ये घरगुती बागेसाठी ते विकत मिळत नाही. इथे पुढीलप्रमाणे करतात: पोकळीतला कुजका गाळ चमच्यानं काढून ती टिश्यूनं कोरडी करावी, ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड ओतावं, फेस येऊन बसला की पुन्हा कोरडं करावं. चार-पाच दिवसांनी परत. फेस कमी होत गेला म्हणजे कुज आटोक्यात आली. तोवर पाऊस आत जाऊ देऊ नये. नवं पान जून-जुलैपर्यंत येतं, पहिली एक-दोन वेडीवाकडी आणि अर्धवट कापलेली निघतात. ती कापू नयेत, झाडाला तेवढाच हिरवा भाग उरलेला असतो. वाढीचा बिंदू एकच असतो आणि तो खोडात खोल असतो, तो गेला तर झाड गेलं.

वाऱ्यावर मात्र इलाज नाही, जागाच बदलावी लागते. फॉर्च्युनीची पानं मीटरभर रुंद होतात आणि त्यांची टोकं लोंबतात. मोकळ्या माळावर किंवा दोन घरांमधल्या बोळात फेब्रुवारीपर्यंत देठ मोडतात आणि पात्यांच्या चिंध्या होतात. अशा जागी ‘वॅगनेरिआनस’ हा याच पामचा लहान पानांचा प्रकार घ्यावा. थंडीला तितकाच चिवट, पण पानं त्याच्या निम्मी, कडक आणि ताठ, वादळात जवळजवळ तशीच राहणारी. वाढ थोडी सावकाश, किंमत जास्त. समुद्रकाठी तर मी दुसरा विचारच करणार नाही. कुमाऊँतल्या पिथौरागढ भागातला ट्रॅकीकार्पस ताकिल आपल्या देशातला म्हणून अनेकांना हवा असतो; पण ताकिल म्हणून विकली जाणारी कितीतरी रोपं प्रत्यक्षात फॉर्च्युनीच निघाली आहेत, तेव्हा त्या नावासाठी जास्त पैसे मोजू नयेत.

बाकीचे पर्याय थोडक्यात. भूमध्य समुद्राकाठचा बुटका पाम, म्हणजे कॅमेरॉप्स ह्युमिलिस, निचऱ्याच्या, उन्हाच्या जागी छान, उणे १० च्या आसपासपर्यंत. ओल्या चिकणमातीत नको. कॅनरी बेटांवरचा फीनिक्स रोप असताना देखणा, पण पुढे फार पसरतो, आणि डिसेंबर २०१० च्या थंडीत ब्रिटनभर त्याची झाडं गेली. ‘टॉर्बे पाम’ म्हणून मिळणारं कॉर्डिलाइन पाम नाहीच, न्यूझीलंडचं वेगळ्या कुळातलं झाड आहे. डिसेंबर २०२२ मध्ये त्याचे शेंडे ठिकठिकाणी कुजले, मात्र बुंध्यातून ते पुन्हा फुटतं. आणि हे वाचून पुण्यात किंवा रत्नागिरीत ट्रॅकीकार्पस मागवू नये. तिथल्या उष्ण दमट रात्री याला मानवत नाहीत. पंख्यासारखी पानंच हवी असतील तर चायनीज फॅन पाम, म्हणजे लिव्हिस्टोना, तिथे निर्धास्त वाढतो.

पानं छाटताना फक्त पूर्ण वाळलेली काढावीत आणि देठाचा पाचेक सेंटिमीटर भाग ठेवावा. हिरवी पानं कापून वर फक्त तुरा ठेवायची पद्धत दिसते, तिनं खोड वरच्या बाजूला बारीक होत जातं. फुलं वसंतात येतात. नर आणि मादी झाडं वेगळी, नराचे घोस पिवळेधमक. परिसरात दोन्ही असतील तर निळसर काळी फळं धरतात, पक्षी ती खातात आणि रोपं दूरवर उगवतात. स्वित्झर्लंडच्या तिचिनो भागातली जंगलं याच मार्गानं या पामनं भरली आणि १ सप्टेंबर २०२४ पासून त्या देशात याची विक्रीच बंद झाली आहे. इंग्लंडमध्ये अशी बंदी नाही, पण घराजवळ जंगल किंवा ओढा असेल तर मादी झाडाचा फुलोरा फळं धरण्याआधीच, जूनच्या सुमारास, बुडाशी सिकेटरनं कापून टाकावा. हातमोजे घालून, कारण देठांचे दाते मनगटाला लागतात.