मॉरिसचा वॉलपेपर की बाउहाउसचा?

इंग्लंडचा नक्षीकार आणि कवी विल्यम मॉरिस १८८३ मध्ये उघडपणे समाजवादी झाला. कला मूठभरांपुरती नको, हे तो सभांतून तळमळीने सांगे. पण त्याच्या कंपनीचे वेलबुट्टीचे वॉलपेपर लाकडी ठशांनी, एकेक रंग वेगळा उठवत, हाताने छापले जात. कारागिराला कामात आनंद मिळायला हवा, तर यंत्राची घाई परवडत नाही. मग किंमत चढणारच. गिरणी कामगाराच्या खोलीत तो कागद कुठून पोहोचणार? गिऱ्हाईक पैसेवालेच राहिले, आणि याची बोच खुद्द मॉरिसलाही होती.

१९२८ मध्ये जर्मनीतल्या डेसाऊ शहरातील बाउहाउस या कला-रचनेच्या शाळेचा संचालक झालेल्या हानेस मायरने उलटी वाट धरली: चैन नको, लोकांची गरज भागवा. १९२९ मध्ये राश या वॉलपेपर कंपनीबरोबर काढलेले वॉलपेपर यंत्रावर छापलेले, स्वस्त. नक्षी इतकी बारीक की जोड जुळवताना कागद वाया जात नसे. ते धडाक्यात खपले. (पुढच्याच वर्षी डाव्या राजकारणापायी मायरची उचलबांगडी झाली, ते वेगळेच.)

माझे मत मायरच्या पारड्यात. तरी एक खटकते. कामगाराला साधेच शोभते, हे ठरवले कोणी? भिंतीवर फुले हवी असलेल्या बाईला डेसाऊत कोणी विचारले होते का? मॉरिसच्या कागदावर निदान फुले तरी होती.