१/१४ पोकलेनसाठी स्वस्त हायड्रॉलिक पंप: आठ महिन्यांच्या वापरानंतर

पंप चिनी, गिअर पद्धतीचा, ब्रशलेस मोटर जोडूनच आलेला. मशीन १/१४ मापाचं, रिमोटवर चालणारं, पूर्ण धातूचं मॉडेल पोकलेन, तेलासकट १५ किलोच्या आसपास. दर रविवारी दोन तास माती, वाळू, बारीक खडी. आठ महिन्यांत ढोबळ ७० तास भरले. पंप अजून चालू आहे. मात्र खोक्यातून निघाला तसाच जोडला असता, तर पहिला महिनाही निभला नसता.

जाहिरातीत ‘६ एमपीए’ असं ठळक छापलेलं असतं, म्हणजे ६० बार. हा आकडा डोक्यातून काढूनच टाकायचा. १२ मिमी बोअरच्या (आतल्या व्यासाच्या) सिलिंडरचं क्षेत्रफळ १.१३ चौ. सेंमी, २५ बारला तो २८ किलोच्या वर जोर देतो. बूमला, म्हणजे पोकलेनच्या मुख्य हाताला, असे दोन असतात. एवढ्यात ओल्या मातीचं बकेट सहज उचललं जातं. जोर आणखी वाढवला तर पिना वाकतात, नाहीतर मशीन स्वतःच पुढून उचललं जातं. खरा प्रश्न प्रवाहाचा आहे. ८० मिमी स्ट्रोकचे (दांडा सरकण्याच्या अंतराचे) ते दोन सिलिंडर भरायला १८ मिली तेल लागतं. बूम चार सेकंदांत वर जायची तर मिनिटाला २७० मिली हवं, आणि तेही २५ बारला. विक्रेता सांगतो तो आकडा बहुतेकदा मोकळ्या नळीचा असतो.

मोजायला फार काही लागत नाही. १०० मिलीचं मोजपात्र, मोबाइलचं स्टॉपवॉच, एक नीडल व्हॉल्व्ह आणि ० ते ६० किलोचा ग्लिसरीन भरलेला, दाब दाखवणारा गेज (त्यावरचा एक किलो म्हणजे जवळपास एक बार). गेजचे आटे १/८ बीएसपी, पंपाचे एम५. मधला अ‍ॅडॅप्टर कोणताही लेथवाला पितळेत काढून देतो. नीडल व्हॉल्व्ह आवळत गेज २५ वर आणायचा आणि मग पात्र नळीखाली धरायचं. हा पंप नवा असताना मिनिटाला मोकळ्या नळीला ३५० मिली आणि २५ बारला ३०० मिली देत होता. मधले ५० मिली पंपाच्या आतल्या आतच परत फिरतात. स्वस्त पंपाला ही गळती चालण्यासारखी आहे.

याहून स्वस्तात भागवायचे मार्गही तपासून झाले. आरओ फिल्टरचा बूस्टर पंप हजार-दीड हजारात कुठेही मिळतो, म्हणून बरेच जण तिकडे वळतात. त्याचा दाब साधारण ८० पीएसआय, म्हणजे ५.५ बार. तेवढ्यात १२ मिमीचा सिलिंडर जेमतेम ६ किलो ढकलतो. रिकामा बूम वर जातो, भरलेलं बकेट ढिम्म हलत नाही. शिवाय त्याचा डायफ्रॅम पाण्यासाठी बनवलेला असतो. कारच्या काचेचा वॉशर पंप तर विचारातही घेऊ नये.

पंपाबद्दलच्या निम्म्या तक्रारी खरं तर नळ्यांच्या असतात. संचात चारही बाजूंना ४×२.५ मिमीची (बाहेरचा आणि आतला व्यास) नळी येते. दाबाच्या बाजूला ती ठीक, पण टाकीतून पंपाकडे येणारी नळी ६×४ चीच हवी, आणि हातभरापेक्षा लांब नको. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! ओढ कमी पडली की पंप खडे भरलेल्या डब्यासारखा खडखडतो, बूम धक्के देत वर जातो आणि टाकीतलं तेल ताकासारखं पांढुरकं होतं. परतीची नळी तेलाच्या पातळीखाली बुडालेली नसली तरीही तेल पांढरंच होतं, पण तेव्हा खडखड नसते. दोन्हींतला फरक असा कानाने कळतो. दाबाच्या बाजूला हवेच्या कामाची निळी पीयू नळी आणि दाबून बसवायची फिटिंगं वापरू नयेत; ती साधारण १० बारसाठी असतात आणि तेल तापलं की नळी मऊ पडते. नायलॉनची नळी आणि नट आवळायची फिटिंगं घ्यावीत, नळीवर छापलेला दाब वाचून. आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळू नये. तिचा एक बारीक धागा व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसला की बकेट आपोआप खाली यायला लागतं आणि दोष सिलिंडरच्या सीलवर येतो. लॉक्टाइटसारखं आटे बंद करणारं द्रव किंवा तांब्याचा वॉशर पुरतो.

सर्वांत वाईट भाग कपलिंगचा. मोटर आणि पंप यांच्यात अॅल्युमिनियमची कडक नळी होती, दोन स्क्रूंनी आवळलेली. दोन्ही शाफ्ट केसभर जरी तिरके असले तरी प्रत्येक फेऱ्याला शाफ्ट सीलला झोला बसतो. साधारण आठव्या तासाला तेल मोटरकडे पाझरायला लागलं. मध्ये रबरी चकती असलेलं जॉ कपलिंग बसवलं, मोटरच्या पट्टीखाली ०.१ मिमीचा शिम (पातळ पत्रा) घातला, सील बदललं. तेव्हापासून थेंब नाही. ७०-८० रुपयांच्या सीलसाठी पंप फेकून दिलेले लोक आहेत.

जास्तीचा दाब सोडून देणारा रिलीफ व्हॉल्व्ह पंपावरच येतो, पण तो कारखान्यातून कितीवर लावलाय याचा भरवसा नाही. हा ४० च्या पुढे उघडत होता. गेज लावून स्क्रू उलटा फिरवत २५ वर आणला आणि चेकनट आवळला. व्हॉल्व्ह ब्लॉक मधल्या स्थितीत बंद राहणारा असेल, तर लिव्हर सोडल्यावरही पंपाचं सगळं तेल रिलीफमधूनच जातं. टाकीसकट १०० मिलीच्या आसपास तेल असलेल्या मशीनमध्ये असं एक मिनिट गेलं की तेल साधारण १० अंशांनी तापतं. मे महिन्यात दुपारी अंगणात सुरुवातच ३८ अंशांनी होते, म्हणजे तीन मिनिटांत सगळं हाताला पोळेल असं. उपाय फुकटचा आहे: ट्रान्समीटरमध्ये (रिमोटमध्ये) मिक्स लावायचा, म्हणजे लिव्हर आणि पंपाची मोटर एकमेकांना जोडायची. लिव्हर हलेल तसाच पंपाचा वेग वाढेल, सोडल्यावर मोटर थांबेल.

ईएससी (मोटरचा वेग ठरवणारं सर्किट) रिमोटच्या कारचा वापरला तर त्यातला रिव्हर्स आधी बंद करावा. पंप उलटा फिरला की दाब ओढीच्या बाजूला जातो आणि शाफ्ट सील बाहेर फेकलं जातं. ही चूक एकदाच होते. व्हॉल्व्हमधले सरकते दांडे, म्हणजे स्पूल, हलवणारे पाच-सहा सर्वो (छोट्या मोटरी) ईएससीच्या आतल्या बीईसीवर (सर्वो आणि रिसीव्हरला वीज पुरवणाऱ्या भागावर) टाकू नयेत, ५ व्होल्ट ५ अँपिअरचा वेगळा बीईसी द्यावा, नाहीतर तीन लिव्हर एकत्र ओढले की रिसीव्हर रीस्टार्ट होतो. सोबत आलेली मोटर ७५० केव्हीची होती (केव्ही म्हणजे इथे किलोव्होल्ट नव्हे, दर व्होल्टला मिनिटाचे फेरे). ३एस (तीन सेलच्या) बॅटरीवर ती अर्ध्या थ्रॉटलच्या आसपासच चालवावी लागते, आणि दाबाखाली सुरू होताना अडखळते. ड्रोनची ३८० केव्हीची चपटी मोटर लावल्यावर अडखळणं गेलं आणि ईएससी कोमट राहू लागला. पूर्ण भाराला बॅटरीतून साडेतीन अँपिअर, म्हणजे ३९ वॉट. तेलातून मिळणारं काम मात्र साडेबारा वॉट. बाकीचं उष्णतेत जातं. एवढुशा गिअर पंपाकडून याहून जास्त अपेक्षा धरू नये.

४५ तासांनंतर २५ बारला ३०० ऐवजी २६२ मिलीच येऊ लागलं. पंप उघडला. आत दोन छोटी स्टीलची गिअरं, पितळी बुश, दोन बाजूंना अॅल्युमिनियमच्या प्लेटा. प्लेटांवर चंद्रकोरीसारखे ओरखडे, आणि बॉडीच्या आत घासल्याची चमक, तीही फक्त ओढीच्या बाजूला. दाबाचं तेल गिअरांना तिकडेच रेटतं, म्हणून झीज तिथेच दिसते. तो बिघाड नव्हे. मायक्रोमीटरने बॉडीची जाडी आणि गिअरची रुंदी मोजली तर फरक ०.०३ मिमी भरला, ०.०२ असता तर उत्तम. फट दुप्पट झाली की गळती आठपट होते, त्यामुळे इथे शंभरावा भागही मोजावा लागतो. जाड काचेवर १००० नंबरचा पॉलिश पेपर, वर थोडं तेल, प्लेटा आठच्या आकड्यात फिरवून सपाट केल्या, शेवटी २००० चा हात. बॉडीला हात लावला नाही. ती जरा जरी जास्त घासली गेली तर गिअर जाम होतात आणि मग ते काम परत फिरवता येत नाही.

ओरखडे आले कुठून? पहिले काही महिने परतीच्या बाजूला गाळणी नव्हती आणि नव्या सिलिंडरांमधला लेथचा बारीक चुरा फिरत होता. हवेच्या व्हॉल्व्हला लावतात तो एम५चा ब्राँझचा सायलेन्सर टाकीच्या आत परतीच्या तोंडाशी बसवला. पन्नास रुपयांत गाळणी झाली. ओढीच्या बाजूला तो लावू नये, थंड तेलात पंप उपाशी राहतो. नव्या मशीनचं पहिलं तेल पाच तासांनी पांढऱ्या फडक्यावर ओतून पाहावं, पितळेचे सोनेरी कण डोळ्यांना दिसतात.

तेल आधी २२ नंबरचं होतं; नंबर जितका मोठा तितकं तेल घट्ट. प्लेटा सपाट करून ३२ नंबरचं हायड्रॉलिक ऑइल भरलं आणि प्रवाह २९० वर आला. गावोगाव मिळणारं ६८ नंबरचं या नळ्यांना जड जातं, हिवाळ्यात सकाळी तर फारच. ब्रेक ऑइल चुकूनही नको, नायट्राइल रबराच्या सगळ्या ओ-रिंगा फुगून बसतात.

किमतीचं सांगायचं तर मोटर आणि रिलीफसकट असा पंप ड्युटी धरून १० ते १४ हजारांत हातात पडतो. जर्मनीतल्या लाइमबाखसारख्या कंपनीचा घ्यायचा तर साधारण तीन-चारपट. अलीएक्स्प्रेस नोव्हेंबर २०२० पासून भारतात बंद आहे, म्हणून बहुतेक पंप विक्रेत्याच्या स्वतःच्या साइटवरून नाहीतर दुबईच्या नातेवाइकाच्या बॅगेतून येतात. वर कपलिंग, सील, गेज, अ‍ॅडॅप्टर, नळ्या, वेगळी मोटर मिळून चार-पाच हजार होतात. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला म्हणा हवं तर, पण गेज आणि नळ्या पुढच्या मशीनलाही चालतात. डंपरला, जिथे एकच सिलिंडर आहे, हा पंप जास्तीचाच ठरतो. लोडरला मात्र जरा कमी पडतो, कारण तिथे बूम आणि बकेट एकदम फिरवायची सवय लागते.

सुटे भाग विक्रेता देत नाही. शाफ्ट सीलचं माप पंप उघडल्याबरोबर लिहून ठेवावं आणि मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर दोन-चार जास्तीची घेऊन ठेवावीत; ओ-रिंगाही तिथेच, नायट्राइल, ७० शोअर कडकपणाच्या. गिअर झिजले तर मात्र नवा पंपच, कारण तेवढ्या अचूकतेची जोडी लेथवाल्याकडून करून घेण्यात त्याच्या किमतीएवढेच पैसे जातात.