चौदा महिन्यांचं कॅबिनेट आणि त्याचं एक बटण

पहिल्या महिन्यात पीसीच्या याच कॅबिनेटला, म्हणजे त्याच्या बाहेरच्या पेटीला, मी पाच तारे दिले होते. आज त्यातले तीन काढून घ्यायला आलोय. पंखे किती, काच केवढी, ग्राफिक्स कार्ड किती लांबीचं बसतं, हे तुम्ही वाचलेलंच असणार. मला बोलायचंय ते फक्त वरच्या गोल, चमकणाऱ्या पॉवर बटणाबद्दल.

अकराव्या महिन्यात पीसी मधेच बंद पडायला लागला. एखाद्या दिवशी तीनदा, मग चार दिवस काहीच नाही. विंडोज कोसळल्यावर येतो तो निळा स्क्रीन नाही, सूचना नाही, थेट अंधार. विंडोजची नोंदवही, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअर, उघडली तर एकच नोंद: कर्नल-पॉवर ४१. या ४१ चा अर्थ एवढाच, की मागच्या वेळी विंडोज नीट बंद झालं नव्हतं. माणूस गेला हे सांगणारा दाखला. कशानं गेला, ते त्यात नाही. पण मी ‘पॉवर’ हा शब्द वाचला आणि एसएमपीएसवर, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, खापर फोडून मोकळा झालो.

तरी आधी फुकटातले उपाय केले. धूळ काढली. यूपीएस बाजूला ठेवून थेट भिंतीच्या सॉकेटला जोडलं. तापमान बघितलं, पूर्ण लोडवरही ७० अंशांच्या आत. प्रोसेसर ९५-१०० च्या आसपास गेला तरी आधी वेग कमी करतो, बंद पडणं त्यानंतरचं; म्हणजे तो सुटला. रॅम खराब असती तर बहुधा निळा स्क्रीन आला असता, तरी रात्री मेमटेस्ट, म्हणजे विंडोज सुरू न करता रॅम तपासणारा प्रोग्राम, लावून झोपलो. सकाळी पीसी बंद. म्हणजे विंडोजही सुटलं. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, एसएमपीएसची १२ व्होल्टची लाइन १२.१ दाखवत होती. ११.४ ते १२.६ पर्यंत चालतं, पण ‘बायोसच्या आकड्यावर काय विश्वास ठेवायचा’ म्हणून तेही मनावर घेतलं नाही. ठरवून बसलेल्या माणसाला पुरावा नको असतो.

नवा एसएमपीएस आणला. नऊ दिवस शांतता. मी खूश, जुन्याला शिव्या. दहाव्या दिवशी अंधार.

मग वैतागून त्या ४१ नंबरच्या नोंदीत ‘डिटेल्स’ उघडलं, जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. तिथे ‘पॉवर बटण टाइमस्टँप’ नावाची ओळ असते. वीज अचानक गेली असेल तर तिथे शून्य दिसतं. माझ्याकडे शून्याऐवजी भलामोठा आकडा! म्हणजे पीसीच्या मते कोणीतरी पॉवर बटण दाबून धरत होतं. खोलीत मी एकटा, हात कीबोर्डवर.

सलग चारेक सेकंद बटण दाबलेलं राहिलं, की मदरबोर्ड विंडोजला न विचारता वीज तोडतो. बटण वरच्या बाजूला, धूळ सरळ त्याच्या फटीत. दाबल्यावर ते पूर्ण वर येत नव्हतं आणि खालचा स्विच अर्धवट चिकटून राहत होता. मधूनमधून विंडोज आपणहून शिस्तीत शट डाउन व्हायचं, ते मी अपडेटच्या नावावर खपवलं होतं. तीही याच बटणाची करणी, फक्त दाब थोडक्यात आटपलेला. पॉवर ऑप्शन्समध्ये ‘बटण दाबल्यावर काहीही करू नका’ असं ठेवून पाहिलं. शिस्तीतलं बंद होणं थांबलं, अंधार थांबला नाही. चार सेकंदांचा हिशेब विंडोजच्या हातात नसतोच.

शेवटी बटणाची वायर मदरबोर्डवरून काढली आणि त्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं क्षणभर जोडून पीसी सुरू केला. तीन आठवडे एकदाही बंद पडला नाही.

कस्टमर केअरचं उत्तर: बटण सुटं मिळत नाही, पूर्ण कॅबिनेट पाठवा, पाठवणीचा खर्च तुमचा. एका बटणासाठी अख्खा पीसी उसकटून काच पार्सलनं पाठवू? नाही पाठवलं. रिसेट बटणाची वायर पॉवरच्या पिनांवर लावली. स्विचला उलटसुलट नसतं, कशीही लावा. खर्च शून्य. या सगळ्या प्रकरणातला माझा एकमेव शहाणपणाचा निर्णय.

बाकी कॅबिनेट चांगलं आहे, हे कबूल करायला जिवावर येतंय. खालची जाळी सरकवून निघते, मागे वायरी कोंबायला भरपूर जागा आहे, पंखे अजून कुरकुरत नाहीत. म्हणून दोन तारे ठेवलेत. एक तारा परत देणारही होतो, पण कपाटातला तो जुना, धडधाकट एसएमपीएस दिसला.

आता रिसेटचं टिचभर बटण दाबलं की पीसी सुरू होतो. मोठं गोल बटण अजून छान चमकतं, कारण दिव्याची वायर वेगळी आहे. घरी येणारा प्रत्येक जण तेच दाबतो.