गोळी कुणाची? लॉरेन्सचं पिस्तूल आणि कस्टरचं रणांगण

सप्टेंबर १९१७ मध्ये, पहिल्या महायुद्धात, अरबस्तानातल्या हल्लत अम्मारजवळ टी. ई. लॉरेन्स (‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’) या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या तुकडीने तुर्कांची रेल्वेगाडी उडवली. तिथे सापडलेली कोल्ट पिस्तुलाची गोळी त्याचीच मानतात, कारण तसं पिस्तूल त्याच्याकडे होतं. दुवा मोहक आहे, पण गोळीवरून फक्त शस्त्राचा प्रकार कळतो, चालवणारा हात नाही.

मला लिटल बिगहॉर्नची काडतुसं जास्त पटतात. अमेरिकेतल्या या रणांगणावर १८७६ मध्ये मूळ अमेरिकन जमातींनी अमेरिकी सेनाधिकारी कस्टरच्या तुकडीचा पराभव केला. १९८३ च्या वणव्यात तिथलं गवत जळालं आणि मेटल डिटेक्टरने पद्धतशीर शोध घेता आला. बार उडताना फायरिंग पिनचा (काडतुसावर आपटणाऱ्या बंदुकीतल्या खिळीचा) ठसा काडतुसाच्या बुडावर उमटतो. तो बंदुकीगणिक वेगळा. एकाच ठशाची रिकामी काडतुसं लांब-लांब सापडली, की ती बंदूक कुठून कुठे गेली ते नकाशावर मांडता येतं. कस्टरचा हात यातूनही सिद्ध होत नाही, मात्र त्याच्या सैनिकांची फळी कशी मोडली ते दिसतं.