झाडांचा नीलकंठ की झाडाशेजारी दगड?

लेआउटच्या मोकळ्या जागेत सगळ्यांनी मिळून देशी झाडं लावायची, पक्षी परत यावेत म्हणून, आणि तीही कलाकृती म्हणून. इथवर मीटिंगमध्ये एकमत होतं. वाद पुढचा: गच्चीवरून दिसेल अशी नक्षी आखायची, की दर घरामागे एक झाड आणि शेजारी एक दगड?

दोन्हींना मोठी परंपरा आहे. नक्षीवाल्यांकडे कलाकार अ‍ॅग्नेस डेनेस: फिनलंडमधल्या टेकडीवर ११ हजार लोकांनी ११ हजार झाडं गणिती नक्षीत लावली, काम १९९६ मध्ये पुरं झालं. दगडवाल्यांकडे कलाकार जोसेफ बॉइस: जर्मनीतल्या कासेलमध्ये १९८२ पासून ७,००० झाडं, प्रत्येकाशेजारी बेसाल्टचा खांब. बॉइस १९८६ मध्ये गेले. शेवटचं झाड १९८७ मध्ये लागलं.

आमच्याकडे आधी नक्षी झाली, पंख पसरलेला नीलकंठ. मजा आली, नाही म्हणणार नाही. चुन्याच्या रेघा पडल्या की पोरं न बोलावता जमतात. पण रेघ टिकवायची तर कात्री हवी, आणि आपली झुडपं फोफावतात पावसाळ्यात, म्हणजे नेमकी शिंपी आणि मुनिया पक्ष्यांच्या विणीच्या दिवसांत. माळ्याने करवंदीची कड सरळ केली आणि मुनियाचं गवताचं गोल घरटं बाजूने उघडं पडलं. आत शेंगदाण्याहून जराशी मोठी पांढरी अंडी. जोडी परत आली नाही. सोसायटीची तक्रार मात्र एकच, उजवा पंख अजून जाड दिसतो. माझं मन तिथेच उडालं.

शिवाय एका रेघेत एकच जात लागते. पक्ष्यांना मिसळ हवी. पळस-सावर फुलल्यावर शिंजीर, भोरड्या येतील, पण त्याला वर्षं जातात. तोवर बोर, करवंद, बाभूळ असलेली बरी.

शेजारच्या पट्ट्यात दगड मांडले. झाड वाकडं वाढो, फांद्या जमिनीला टेकोत, कलाकृती बिघडत नाही. आकार धरायचं काम दगडाचं. आपली नागपूरची सीताबर्डीची टेकडीही बेसाल्टचीच, त्यामुळे दगड परका वाटत नाही. पाथरवटाकडून वर खळगा टाचून घेतला तर पाणी राहतं. मे महिन्यात सातभाई पक्षी त्यावर भांडतात. अडचण एकच, सुट्टीत गावी गेलेल्यांचं झाड शेजाऱ्याच्या भरवशावर, आणि सुरुवातीचे दोन उन्हाळे तेच महत्त्वाचे.

शाळेचं मैदान असेल, मुलांना एकत्र दिवस द्यायचा असेल, तर नक्षीही वाईट नाही. फक्त दिवाळीपर्यंत कात्री कुलपात राहील, एवढं मीटिंगच्या वहीत लिहून घ्या.