घरून सुका कचरा नेणारी सेवा: पुठ्ठ्याला चांगली, पाकिटांबाबत फसवी

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या अपार्टमेंटांतून सुका कचरा उचलणारी ही खासगी सेवा (नाव मुद्दाम देत नाही) वेळ पाळते, समोर काट्यावर वजन करते आणि पैसे लगेच देते. तक्रार आहे ती 'एकच पोतं, सगळं चालेल' या धोरणाबद्दल.

तांबड्या रश्श्याच्या पार्सलचे काळे डबे पीपी (पॉलिप्रॉपिलीन) या प्लास्टिकचे असतात. ते सोडा घालून गरम पाण्यानं धुतले तर विकले जातात, पण त्यातून पुन्हा काळाच माल होतो, म्हणून भाव कमी. न धुता टाकले की तर्री त्याच पोत्यातल्या पुठ्ठ्यावर उतरते. पुठ्ठ्याचा लगदा केला तरी त्यातून तेल निघत नाही, आणि चांगला पुठ्ठा बाद होतो. पावसाळ्यात तर ओला पुठ्ठा भंगारवाला वजन कापूनच घेतो.

दुधाच्या पिशवीला थर असले तरी ते सगळे पॉलिथिनचेच, त्यामुळे वितळवून दाणे होतात. कोपरा कापून वेगळा करू नका, नुसती चीर द्या. तो तुकडा हमखास गटारात जातो. पिशवी विसळून वाळवायची, एवढंच.

पाण्याच्या बाटलीचं झाकण राहिलं तरी चालतं. बाटलीचा चुरा पाण्यात टाकला की पीपी किंवा एचडीपीईचं (कडक पॉलिथिनचं) झाकण तरंगतं, पेट म्हणजे बाटलीचं प्लास्टिक तळाशी बसतं. बाटलीला आवळून बसवलेलं पीव्हीसी या वेगळ्या प्लास्टिकचं लेबल मात्र काढाच. तेही पेटबरोबर बुडतं आणि पेट वितळतं त्या २६० अंशांच्या आसपास जळून सगळा माल पिवळा-काळा करतं.

चिप्सच्या पाकिटांवर या सेवेच्या पत्रकातला 'शंभर टक्के पुनर्वापर' हा दावा कोसळतो. वेगवेगळी प्लास्टिकं आणि ॲल्युमिनियमचा मुलामा एकमेकांना चिकटवलेला; परवडेल अशा खर्चात ते सुटे होत नाहीत. फार तर सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जातात. त्याला पुनर्वापर म्हणणं म्हणजे शुद्ध धूळफेक. ज्यूसचे खोके (साधारण ७५ टक्के कागद, २० पॉलिथिन, ५ ॲल्युमिनियम) वेगळ्या कागद गिरणीतच सुटतात, तेव्हा चपटे करून बाजूला ठेवा.

पुठ्ठा, धुतलेलं प्लास्टिक आणि पाकिटं अशी तीन पोती दिली तर सेवेची मुलं कुरकुर न करता घेतात. पण वजनाआधी पुठ्ठ्याचा दर वेगळा विचारा, नाहीतर सगळं मिक्सच्या भावात जातं. पाचपैकी तीन तारे.