भरतीचं अ‍ॅप आणि इन्कॉइसचा अंदाज: सात-आठ महिने वापरल्यावर

पावसाळा संपल्यापासून मी दोन गोष्टी रोज बघतेय. एक फोनवरचं साधं भरती-ओहोटीचं अ‍ॅप, दुसरा हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी समुद्र-माहिती संस्थेचा समुद्राच्या स्थितीचा अंदाज (त्यांचं समुद्र नावाचं अ‍ॅप आहे, त्यात मिळतो). मला ओहोटीला खडकांवर जाऊन डबक्यातले जीव बघायचा नाद आहे, त्यामुळे पाणी कधी आणि किती उतरणार हे माहीत असावंच लागतं. पण यातलं नुसतं एकच बघून कोणी खडकावर जाऊ नका.

अ‍ॅपच्या वेळा छान जुळतात. खरा कामाचा आहे तो उंचीचा आकडा, आणि बरेच जण तोच बघत नाहीत. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात मुंबई-अलिबागकडे सकाळ-संध्याकाळ सहाच्या आसपास ओहोटी आणि पाणी पार खाली, पण अष्टमीच्या भांगात (म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सर्वात कमी असतो तेव्हा) ओहोटी येते भर दुपारी आणि पाणी अर्धवटच उतरतं, म्हणजे ‘आज ओहोटी आहे’ एवढ्यावर कुलाबा किल्ल्यात चालत जायचा बेत केला तर वाटेत पाणी असू शकतं. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ हा जुना हिशोबही मी ताडून पाहिला, षष्ठीला साडेचार वगैरे, अंदाजाला उत्तम आहे, रेंज नसेल तेव्हा मी तोच धरते.

ठिकाण मात्र नीट निवडा. भावनगरला पाणी दहा मीटरच्या आसपास चढतं-उतरतं आणि कोचीला जेमतेम मीटरभर, देश एकच असला तरी. खाडीत आत राहत असाल तर तोंडाशी भरती झाल्यावर तुमच्याकडे ती उशिरा येणार, हे अ‍ॅप सांगत नाही. आणि एका अपडेटनंतर माझ्या अ‍ॅपमधली घड्याळाची सेटिंग बदलून सगळ्या वेळा साडेपाच तास मागे दिसायला लागल्या, तेव्हा अपडेट झालं की आधी ते तपासा.

आता मुख्य मुद्दा. भरतीचं कोष्टक चंद्र-सूर्याच्या गणितावर बनतं, त्यात वारा नाही, लाट नाही. ते इन्कॉइसकडे बघायचं. तिथे लाटेची उंची दीड मीटर लिहिली असेल तर ती सर्वात मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असते, एखादी लाट जवळजवळ तीन मीटरचीही येऊ शकते. त्याहून मी जास्त बघते ते स्वेलचे, म्हणजे लांबून येणाऱ्या लाटांचे सेकंद (एका लाटेनंतर दुसरी किती सेकंदांनी येते ते). दक्षिणेकडच्या लांबच्या महासागरातून येणारा स्वेल पंधरा-सोळा सेकंदांचा असतो, आपल्याकडे वारा पडलेला, आभाळ निरभ्र, आणि तरी पाणी अचानक खडकावर चढतं. केरळात याला कल्लक्कडल म्हणतात. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर ओहोटीची वेळ बघून जाणाऱ्यांनी हा आकडा बघाच बघा, कळकळीने सांगतेय, लाटेने ओढलेल्या माणसाला तिथे धरायला काही नाही.

परतायची वेळसुद्धा आधीच ठरवा. भरती सहा तासांत सारखी चढत नाही, मधल्या दोन तासांतच जवळपास निम्मं पाणी येतं. मी ओहोटीच्या टोकाआधी तासभर उतरते आणि पाणी वळलं की निघते, डबक्यात समुद्रगोगलगाय दिसत असली तरी.